नोकरीचा अर्ज व मुलाखत (कोकण किनारपट्टी)

नोकरी मागणाऱ्याने आपले शिक्षण, अनुभव आणि अंगची कौशल्ये यांची लिहून दिलेली माहिती (बायोडेटा, सीव्ही) आणि त्या माहितीची पारख करण्यासाठी घेतली जाणारी मुलाखत, या दोहोंचा या नोंदीत एकत्र विचार केला आहे. शेती अपुरी आणि उद्योग विरळ असल्याने कोकणातून नोकरीसाठी मुंबई, गोवा, आखाती देश आणि जहाजे यांकडे जाण्याची रीत जुनी आहे. त्यामुळे आपल्याला न ओळखणाऱ्या माणसापुढे स्वतःची ओळख कशी पटवायची, हा प्रश्न येथील चाकरमान्याला पिढ्यान्‌पिढ्या पडत आला आहे.

उगम : बायोडेटाचा पहिला ज्ञात नमुना म्हणून बहुतेक ग्रंथ लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याला उद्देशून लिहिलेल्या पत्राकडे बोट दाखवतात. त्याचे साल रूढीने १४८२ दिले जाते; परंतु ‘कोडेक्स अटलांटिकस’ या संग्रहातील त्याच्या प्रतीवर तारीख नाही, म्हणून काही अभ्यासक ते तीनएक वर्षे पुढे नेतात. हस्ताक्षरही लिओनार्दोच्या नेहमीच्या उलट्या लिपीतले नाही. हा दुसऱ्याकडून लिहवून घेतलेला मसुदा असावा, असे मत सामान्यतः मान्य आहे, आणि तो प्रत्यक्ष रवाना झाला की नाही हेही सिद्ध नाही. मजकूर मात्र लक्षणीय आहे. हलके पूल, वेढ्याची यंत्रे, तोफा यांविषयीचे मुद्दे आधी येतात, तर शिल्प व चित्रकला अगदी शेवटी. युद्धाच्या चिंतेत असलेल्या मालकाला जे हवे, ते पहिल्यांदा सांगितले आहे. तरीही एका कलावंताच्या सुट्या पत्रावरून पुढच्या प्रथेचा वंश काढणे ओढाताणीचे वाटते. निदान या किनाऱ्यापुरते पाहता, ओळखीची चिठ्ठी आणि खलाशाची ‘नली’ (जहाजावरील नोकरीची नोंदवही) हे दोन पूर्वज अधिक जवळचे ठरतात.

चिठ्ठी व मुकादम : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रत्नागिरी जिल्ह्यातून (सध्याचा सिंधुदुर्ग त्यात होता) मुंबईच्या गिरण्यांत मोठी भरती झाली. गिरणीत कोणाला लावायचे हे बव्हंशी मुकादमाच्या हाती असे. स्त्रियांच्या खात्यांत नायकिणीच्या. गिरणगावातील गावकीच्या खोलीत मुक्काम करायचा, गाववाल्याने मुकादमाकडे शब्द टाकायचा, आणि जागा मिळाली की दस्तुरी (मुकादमाची दलाली) द्यायची, असा क्रम होता. या पद्धतीला नुसती लाचखोरी म्हणणे अपुरे आहे, कारण शब्द टाकणाऱ्याची पत त्यात गुंतलेली असे आणि नवख्याने काम टाकून पळ काढला तर त्याला जाब द्यावा लागे. पण वशिला नसलेल्याला दार बंदच राही. भारतातील कामगारविषयक शाही आयोगाने (व्हिटली आयोग) १९३१ च्या अहवालात भरतीचा अधिकार मुकादमाकडून काढून कामगार अधिकाऱ्याकडे द्यावा, अशी शिफारस केली. पुढे १९५९ च्या कायद्याने ठरावीक आस्थापनांवर रिक्त जागा सेवायोजन कार्यालयास कळवण्याचे बंधन आले.

नली : जहाजावरील नोकरीची नोंदवही (सीडीसी) रत्नागिरी व रायगडच्या दर्यावर्दी घरांत ‘नली’ म्हणून ओळखली जाते. तिचे मूळ ब्रिटिश कायद्यात आहे. १८५४ च्या मर्चंट शिपिंग कायद्यान्वये खलाशाला जहाजावरून मोकळे करताना कप्तानाने सहीचा दाखला देणे बंधनकारक झाले. १९०० च्या सुमारास सुट्या दाखल्यांच्या जागी सलग वही आली. जहाजाचे नाव, हुद्दा, चढल्या-उतरल्याची तारीख व बंदर यांपुढे कर्तबगारी आणि वर्तणूक यांविषयी कप्तानाचा शेरा असे. ‘व्हेरी गुड’ हा नेहमीचा शेरा. ‘मत देण्यास नकार’ असा शेरा पडला तर पुढचे जहाज मिळणे कठीण होई. नोकरी मागणाऱ्याने स्वतःविषयी एकही विशेषण न वापरता केवळ पडताळता येणाऱ्या नोंदींवर उभे राहण्याचा इतका काटेकोर नमुना दुसरा क्वचितच सापडेल.

नली असली तरी सारंग (खलाशांचा म्होरक्या) आणि दलाल यांची मधली साखळी तुटली नाही. १९२२ मध्ये ए. जी. क्लो यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या भरतीची चौकशी केली. आज जहाजांवरील भरती नौवहन महासंचालनालयाचा परवाना असलेल्या संस्थांमार्फतच करावी लागते आणि नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेण्यास मनाई आहे. तरी फसवणुकीच्या तक्रारी येतात. परवाना क्रमांक तपासल्यावाचून कोणाच्याही हाती नली वा पासपोर्ट देऊ नये.

लेखनाची सद्यःपद्धती : ‘बायोडेटा’ म्हटले की अजूनही अनेक घरांत लग्नाचा कागद डोळ्यांपुढे येतो, आणि रास, उंची, जात, मामाचे गाव हा तपशील नोकरीच्या कागदातही शिरतो. तो गाळावा. एक ते दोन पाने, अलीकडचे काम आधी, आणि प्रत्येक कामापुढे नेमके काय केले ते लिहावे. लोटे-परशुराम, महाड किंवा रोहे येथील रासायनिक कारखान्यात अर्ज करणाऱ्या आयटीआय उमेदवाराने ‘मेहनती व प्रामाणिक’ असे लिहिण्यापेक्षा कोणत्या यंत्रावर, किती महिने, कोणत्या पाळीत शिकाऊ उमेदवारी केली हे लिहिणे केव्हाही सरस. सावंतवाडी, दोडामार्ग भागातून गोव्याच्या हॉटेलांत जाणाऱ्यांनी येत असलेल्या भाषा, प्रत्येकीत कितपत बोलता येते यासह, वरच्या भागात द्याव्यात.

नावातील फरक ही येथील खरी अडचण आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासपोर्टवर वडिलांचे नाव वेगळ्या स्पेलिंगने. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांची आणखी पंचाईत. राजपत्रातील नावबदलाची नोंद आणि अधिवास दाखला, तसेच लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर व प्रकल्पग्रस्त दाखला, जाहिरात निघण्यापूर्वीच हाताशी असावेत. आखाती देशांसाठी परवानाधारक एजंटाला ३०,००० रुपये व त्यावरील कर यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही.

मुलाखत : केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि गट ब (अराजपत्रित) पदांच्या मुलाखती बंद केल्या. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेत मात्र मुलाखत कायम असून नव्या रचनेत तिला २७५ गुण आहेत. तेथे उमेदवाराने अर्जात भरलेल्या माहितीवरूनच, त्यातही जिल्ह्यावरून, प्रश्न फुटतात. रत्नागिरीच्या उमेदवाराला कातळशिल्पे, हापूसचे भौगोलिक मानांकन (२०१८), जैतापूर, किंवा २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेले सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग यांवर स्वतःचे मत मांडता यायला हवे. नुसत्या सनावळीने भागत नाही.

खासगी मुलाखतीची तयारी म्हणजे बायोडेटातील प्रत्येक ओळीमागचा प्रसंग दोन मिनिटांत सांगता येणे. मराठी माध्यमातून आलेली मुले इंग्रजी उत्तरे घोकतात आणि उपप्रश्न आला की अडखळतात. साध्या, तुटक पण स्वतःच्या वाक्यांत उत्तर देणे अधिक विश्वासार्ह ठरते, आणि गरज पडल्यास मराठी वा हिंदीत बोलू का, असे विचारण्यात कमीपणा नाही. मुंबईची मुलाखत पावसाळ्यात असेल तर आदल्या दिवशीच पोहोचावे; कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक संथ असते आणि दरड कोसळली की घाटरस्ताही बंद होतो. व्हिडिओ मुलाखतीसाठी वाडीत रेंज नसल्यास तालुक्याच्या ठिकाणच्या नातेवाइकाकडे आधी चाचणी घ्यावी; सड्यावर (कातळपठारावर) रेंज मिळते, पण वाऱ्यात आवाज पोहोचत नाही.

इतर व्यवसाय : मासेमारी नौका, आंबा-काजूच्या बागा आणि मासळी प्रक्रिया यांत लेखी अर्जाची प्रथा नाही. नौकेवरील खलाशांची निवड तांडेल (नौकेचा प्रमुख) करतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बोलणी होऊन आगाऊ रक्कम दिली जाते.