बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीनंतरचं चरणं आणि परत चढणारं वजन

बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी म्हणजे वजन कमी करायचं ऑपरेशन. ते झाल्यावर पहिलं वर्ष-दीड वर्ष वजन भराभर उतरतं, साधारण 12 ते 24 महिन्यांच्या दरम्यान सगळ्यात खाली जातं, आणि मग बऱ्याच जणांचं हळूहळू वर सरकायला लागतं, यालाच डॉक्टर लोक वेट रीगेन म्हणतात. किती वाढलं की रीगेन म्हणायचं यावर मात्र एकमत नाही. कोणी सगळ्यात कमी वजनापेक्षा 10 किलो जास्त धरतं, कोणी उतरलेल्या वजनाच्या 25 टक्के, कोणी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 5 ने वाढला की. त्यामुळे "इतक्या टक्के लोकांचं वजन परत वाढतं" असले आकडे वाचताना आधी मोजलंय कसं ते बघावं, नाहीतर उगाच घाबरायला होतं.

आपल्याकडे जास्त करून स्लीव्ह आणि बायपास ही दोन ऑपरेशनं होतात. स्लीव्हमध्ये जठराचा 75 ते 80 टक्के भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी लांबट नळी तेवढी उरते. बायपासमध्ये वरच्या बाजूला साधारण 30 मिलीची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढीच पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. स्लीव्हमध्ये जठराचा वरचा फुगीर भाग जातो, आणि भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः तिथेच बनतं (ते 1999 मध्ये जपानी संशोधकांना सापडलं). म्हणून पहिले काही महिने लोक सांगतात की भूकच लागत नाही, घड्याळ बघून जेवावं लागतं. हे दिवस कायम राहत नाहीत, भूक परत येते, आणि खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

इंग्रजी पुस्तकांत या प्रश्नाला ग्रेझिंग म्हणतात, आपल्याकडे त्याला आधीपासून नेमका शब्द आहे, चरणं, म्हणजे दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकत राहणं. ताटावर बसून जेवण कमीच असतं, अर्धी पोळी आणि वाटीभर वरण झालं की बस, घरचे म्हणतात अगं ही काहीच खात नाही. पण दुपारी चारला चहाबरोबर मूठभर फरसाण, पोरांच्या डब्यात उरलेलं बिस्किट, स्वयंपाक करताना तोंडात टाकलेले दाणे, रात्री टीव्हीसमोर चिवड्याचा डबा. फरसाणाची एक मूठ साधारण 30 ग्रॅम धरली तर दीडशेच्या वर कॅलरी होतात, दिवसात अशा चार मुठी म्हणजे सहाएक पोळ्या झाल्या. एका बैठकीत सहा पोळ्या या पोटात कधीच जाणार नाहीत, पण चार मुठी कुठे गेल्या ते कळतही नाही. ऑपरेशनने पोटाचा आकार बदलतो, येता-जाता तोंड चाळवायची सवय तशीच राहते.

यात अजून एक गोम आहे जी बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. छोट्या पोटात सगळ्यात जास्त अडकतं ते नेमकं खायला हवं ते, कोरडं चिकन, नीट न चावलेलं पनीर, आणि आपली पोळी तर हमखास. छातीत दडपतं, उचकी लागते, कुणाला शिंका येतात, कुणाचं नाक गळायला लागतं, ही सगळी पोट भरल्याची खूण असते आणि त्यावर एक जरी घास घेतला तर तो उलटून पडतो. उलट बिस्किट, खारी, वेफर्स, आइस्क्रीम तोंडात विरघळून सरसर खाली उतरतात, अजिबात त्रास नाही. मग दोनदा चिकनने उलटी झालेला माणूस तिसऱ्यांदा चहात खारी बुडवतो, त्याला आळशी म्हणून काय उपयोग, अंगाला जे सोसतं तिकडेच हात जातो. इलाज सांगायला सोपा आहे, घास बोटाच्या पेराएवढा घ्यायचा, खूप चावायचा, जेवणाला 20 ते 30 मिनिटं द्यायची. लग्नाच्या पंगतीत किंवा ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये ते करून बघा म्हणजे कळेल.

जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबायचं, हा नियम सगळीकडे सांगतात, कारण पाण्याबरोबर अन्न लवकर पुढे जातं आणि पोट भरल्याची जाणीव टिकत नाही असं मानतात. पातळ कॅलरीचं गणित वेगळंच, दोन चमचे साखरेच्या चहात नुसत्या साखरेच्या 40 कॅलरी, दिवसाला सहा कप म्हणजे 240, दूध वेगळं. उसाचा रस, कोल्ड्रिंक, मिल्कशेक यांना पोट अडवतच नाही. बायपासवाल्यांना गोड जास्त झालं तर डंपिंग होऊ शकतं, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात कळा, जुलाब, आणि काहींना एक ते तीन तासांनी साखर उतरून गळून गेल्यासारखं होतं. ही भीती काही जणांना गोडापासून लांब ठेवते, पण सगळ्यांना डंपिंग होत नाही, आणि घोट घोट पिणाऱ्याला तर ते चुकवताही येतं. बायपासनंतर दारूही लवकर आणि जास्त चढते, तिच्या कॅलरी आहेतच, शिवाय काही जणांना पुढे व्यसन लागतं, ऑपरेशनआधी हे स्पष्ट सांगायला हवं.

दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन लागतं. अंड्यात 6 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18च्या आसपास, पातळ वरणाच्या वाटीत पाच-सहा मिळाले तर मिळाले. शाकाहारी माणसाला एवढ्याशा पोटात हे बसवणं अवघड जातं म्हणून पावडर घ्यावी लागते. उपवासाच्या दिवशी तर सगळंच उलटं, साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, वर तूप आणि दाण्याचं कूट, आणि खिचडी मऊ असल्यामुळे उतरतेही झटकन.

आता सगळा दोष सवयीवर ढकलायचा नाही. स्वीडनमध्ये 1987 ला सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासाचे आकडे 2007 मध्ये छापून आले, त्यात बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्क्यांनी उतरलेलं होतं आणि 10 वर्षांनी ती घट 25 टक्के उरली, पोटाला बँड (जठराभोवती आवळून बसवलेली पट्टी) लावलेल्यांची 20 वरून 14 वर आली. म्हणजे थोडं परत येणं हे ठरलेलंच आहे, कारण वजन उतरलं की शरीर कमी इंधनात भागवायला शिकतं. सव्वाशे किलोचा माणूस 85 वर जाऊन 93 वर थांबला तर नातेवाईक "ऑपरेशन फुकट घालवलंस" म्हणतात, हे मूर्खपणाचं आहे, त्याचे 32 किलो अजून गेलेलेच आहेत.

कधी कारण पोटातच असतं. स्लीव्ह सैल पडलेली असते, बायपासचा जोड रुंद झालेला असतो, क्वचित पिशवी आणि जुनं जठर यांच्यात भोक पडून रस्ता तयार होतो. हे एंडोस्कोपीत (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून) किंवा बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत दिसतं. स्टेरॉइड, इन्सुलिन, काही मानसोपचाराची औषधं, थायरॉइड यांनीही वजन वाढू शकतं, तेही तपासावं लागतं.

उपाय करताना आधी डायटिशियनकडे खाण्याची वही जाते, आणि त्या वहीत चहा लिहायचा हमखास राहतो. मग औषधं, लिराग्लूटाइड, सेमाग्लूटाइड, टिर्झेपटाइड ही भूक कमी करणारी इंजेक्शनं आता रीगेनसाठीही वापरतात, वजनासाठीची मौंजारो (टिर्झेपटाइड) आणि वेगोवी (सेमाग्लूटाइड) भारतात 2025 मध्येच आली, पण बंद केली की वजन परत वाढू शकतं आणि खर्च महिन्याला चालूच राहतो. काही ठिकाणी एंडोस्कोपीतून टाके घालून रुंद झालेला जोड आवळतात. स्लीव्हचा बायपास करणं हे शेवटचं, आणि दुसऱ्यांदा त्याच पोटात शिरताना जुन्या व्रणांमुळे गुंतागुंतीचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो.