कुत्र्याला येत नाही, की तो घाबरलाय?

‘घरीच शिकवू की ट्रेनर लावू?’ या प्रश्नाचं उत्तर लोक खिसा बघून देतात, नाहीतर घड्याळ बघून. पैसे असतील तर ट्रेनर, वेळ असेल तर आपण स्वतः. मग होतं काय, ‘सिट’ आणि ‘शेकहँड’साठी महिन्याला हजारो रुपये मोजले जातात. तोच कुत्रा डिलिव्हरीवाल्याच्या पोटरीला लागला, की मात्र मोबाइलवरचे व्हिडिओ बघून घरच्या घरी इलाज सुरू. अगदी उलटा कारभार.

घरी काय शिकवायचं ते बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून ते पटकन उरकतो. बस, थांब, ये, पट्टा न ओढता चालणं, शी-शू बाहेर करणं हे सगळं घरचं काम. पिल्लाचे दुधाचे दात साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात पडतात, तोवर ते हातापायाला दात लावणारच. चघळायला दुसरं काहीतरी द्या. घरात शू झाली तर फडकं घ्या. त्यात पिल्लाचं नाक घासणाऱ्यांना हात जोडून नमस्कार, कारण त्यातून ते एवढंच शिकतं की शू सोफ्यामागे जाऊन करावी. पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, उकडलेल्या चिकनचे नाहीतर पनीरचे नखाएवढे तुकडे. आजी ‘खाली बस’, बाबा ‘सिट’ आणि मुलं ‘सिट डाउन’ म्हणत असतील तर आधी घरात एकमत करा.

या कामासाठी ट्रेनर लावायचाच असेल तर तुम्हाला शिकवणारा लावा. तुम्ही ऑफिसात असताना कुत्र्याला आवारात फिरवून शिकवणारा मला मान्य नाही. कुत्रा त्याचंच ऐकायला शिकतो. महिनाभर हॉस्टेलवर ठेवून ‘तयार’ कुत्रा परत आणून देणारे त्याहून वाईट. तिथे त्याला काय-काय झालं, हे तुम्ही पाहिलेलंच नसतं.

आता खरा घोळ. बेल वाजली की भुंकत दाराकडे धावणारे दोन कुत्रे डोळ्यांसमोर आणा. एकाला पाहुणे आवडतात, त्याला अंगावर उड्या मारायच्या आहेत. बेल वाजल्यावर चटईवर जाऊन बसायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. दुसऱ्याला दारातला माणूस नकोच आहे. दोघांच्याही घरचे एकच सांगतात, ‘अजिबात ऐकत नाही हो.’ पहिल्याला काम शिकवायचं आहे आणि ते तुम्हाला जमेल. दुसऱ्याला ‘सिट’ उत्तम येत असेल, तरी त्याचा इथे उपयोग नाही. कुत्रा बसून थरथरू शकतो, आणि बसल्या जागेवरून चावूही शकतो.

ओळखायचं कसं? नाकासमोर चिकनचा तुकडा धरा. ज्या तुकड्यासाठी एरवी जीव टाकतो, तो घाबरलेला कुत्रा हुंगतही नाही, नाहीतर बोटासकट ओढतो. (खाल्लं म्हणजे निर्धास्त, असं मात्र समजू नका.) अंग ताठ, तोंड गच्च मिटलेलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, झोप आलेली नसताना जांभया, खायला काही नसताना ओठ चाटणं. शेपटीवर तर मुळीच जाऊ नका. ताठ उभी शेपूट हलते तेव्हा कुत्रा खूश असेलच असं नाही.

पहिल्या कुत्र्याशी सरळ व्यवहार असतो: तू बस, मी तुकडा देतो. दुसऱ्याशी व्यवहार करायचाच नाही. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या प्रयोगातल्या कुत्र्यांना काही करून दाखवावं लागत नव्हतं. आवाज झाला की खाणं यायचं, म्हणून पुढे नुसत्या आवाजालाच लाळ सुटू लागली. तसंच इथे: परका माणूस दिसला की चिकन, मग कुत्रा बसलेला असो, उभा असो की भुंकत असो. इथे हमखास आक्षेप येतो, ‘भुंकतोय आणि वर खाऊ द्यायचा? लाडावेल की!’ भुंकणं ही कृती आहे, भीती ही भावना; खाऊ दिल्याने भीती पक्की होत नाही. बिघडतं ते क्रम चुकल्याने. माणूस आधी दिसला पाहिजे, तुकडा त्यानंतर. रोज तुकडा आधी आणि माणूस मागून येऊ लागला, तर कुत्रा तुकडा बघूनच सावध होतो. आणि अंतर असं हवं की माणूस दिसतोय, पण कुत्रा अजून खातोय. कुणाचं ते दहा फूट असतं, कुणाचं रस्त्यापलीकडे, आणि आदल्या रात्री फटाके वाजले असतील तर कालचं अंतर आज चालत नाही. ते वाचायला सरावलेली नजर लागते, म्हणून हे काम जाणकाराचं. ‘बस’ शिकवताना चुकलात तर आठवडा वाया जाईल. इथे चुकलात तर कुणाला तरी टाके पडतील.

गुरगुरल्यावर फटका मारणारे तर स्वतःच्या हाताने घरातली धोक्याची घंटा काढून ठेवतात. भीती तशीच राहते, इशारा बंद होतो, आणि मग ‘काही कारण नसताना चावला’.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘त्याला दाखवा बॉस कोण आहे’. ही ‘अल्फा’ची, म्हणजे कळपावर हुकूम चालवणाऱ्या म्होरक्याची कल्पना बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणातून आली, रूडॉल्फ शेंकेलचा तो अभ्यास 1947 चा. ती लोकप्रिय करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या लांडगा-अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच 1999 मध्ये लिहिलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. तरी आपल्याकडे चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, विकली जाते ती याच नावावर, वर ‘मिलिटरी ट्रेनिंग’ची पाटी. सैन्यातला कुत्रा निवडून घेतलेला असतो आणि त्याचा ठरलेला हँडलर असतो. वन बीएचकेतल्या लॅब्राडॉरचा त्याच्याशी संबंध काय?

जाणकाराच्याही आधी जनावरांच्या डॉक्टरकडे जा. कान दुखत असेल, कंबरेचा सांधा सरकत असेल, तर हात लावल्यावर चावण्यात आश्चर्य नाही. लॅब आणि जर्मन शेफर्डमध्ये कंबरेचं हे दुखणं सर्रास दिसतं. मग माणूस निवडताना एकच प्रश्न विचारा: ‘कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता?’ उत्तरात झटका, साखळी किंवा ‘हलकीशी शिक्षा’ आली तर चहा पाजून निरोप द्या. ट्रेनर म्हणवून घ्यायला आपल्याकडे कुठलीही सरकारी परीक्षा लागत नाही.

भेट ठरेपर्यंत पाहुणे आले की कुत्रा दुसऱ्या खोलीत, दार लावून. बाहेर नेताना जाळीचा मुखपट्टा हवा, ज्यात त्याला तोंड उघडून धापता येईल आणि पाणीही पिता येईल. तोंड आवळून ठेवणारा कापडी पट्टा आपल्या उन्हाळ्यात फिरायला वापरू नका. जाळीतून रोज थोडा दही-भात चाटायला दिलात, तर काही दिवसांत तो स्वतःच त्यात नाक घालेल, आणि हे मात्र खुशाल घरीच शिकवा.