कोडिंग शैली

प्रोग्राम लिहिताना ओळी किती आत सरकवायच्या, महिरपी कंस कुठे द्यायचे, व्हेरिएबल (माहिती साठवायच्या जागा) आणि फंक्शन (एकेक काम करणारे कोडचे तुकडे) यांना नावे कशी ठेवायची, याविषयीच्या ठरलेल्या संकेतांना कोडिंग शैली म्हणतात. यंत्राला यातल्या बहुतेक गोष्टींचे सोयरसुतक नसते. पायथॉन ही प्रोग्रामिंग भाषा मात्र अपवाद. तिथे ओळ किती आत आहे यावरच अर्थ ठरतो. बाकी शैली असते ती पुढे तो कोड वाचणाऱ्या माणसासाठी.

याच्या विरुद्ध टोकाला कामचलाऊ प्रोग्रामिंग. अडलेले काम आज निघाले पाहिजे, नीटनेटकेपणाचे मागाहून बघू. हॅकेथॉनमध्ये (एक-दोन दिवसांत प्रोग्राम उभा करायच्या स्पर्धेत) किंवा एकदाच चालवायच्या स्क्रिप्टमध्ये तेच योग्य. गोव्यातल्या पेडण्याकडच्या दशावतारात लिखित संहिता नसते, आख्यान तेवढे ठरते आणि संवाद रंगमंचावर सुचतात; हे तसेच कसब आहे, कमी प्रतीचे नव्हे. फरक इतकाच की दशावतार पहाटे संपतो, चालू लागलेला प्रोग्राम सहसा कोणी काढून टाकत नाही.

समजा, जत्रेच्या देणग्यांच्या पावत्यांसाठी कोणी रातोरात प्रोग्राम लिहिला. एका फंक्शनमध्ये तालुका ‘डिचोली’, दुसऱ्यात रोमन नोंदींवरून उचललेला ‘बिचोलिम’. इथे ‘काणकोण’, तिथे ‘कानाकोना’. प्रोग्राम बंद पडत नाही, तालुकावार बेरीज तेवढी चुकते. गोव्यात नावांची अशी दुहेरी रूपे पावलोपावली आहेत. त्यामुळे तालुक्यांची यादी एकाच ठिकाणी ठेवायची आणि सगळीकडे तीच वापरायची, हा साधा नियमही इथे ओळी टॅबने आत सरकवायच्या की स्पेसने, या वादापेक्षा मोलाचा ठरतो.

त्या वादाला तसा अंत नाही. पायथॉनच्या २००१ सालच्या ‘पेप ८’ या शैली-नियमावलीने ओळीला ७९ अक्षरांची मर्यादा घातली, लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात) टॅबची रुंदी ८ अक्षरांची. यात बरोबर-चूक असे फारसे काही नाही, एकदा ठरवून पाळणे महत्त्वाचे. गो भाषा २००९ मध्ये खुली झाली तीच ‘गोफमट’ घेऊन: कोडची मांडणी साधनच करते, हुज्जत घालायला जागाच उरत नाही. पायथॉनसाठी २०१८ मध्ये आलेले ‘ब्लॅक’ हेच करते. अशा साधनाला फॉरमॅटर म्हणतात.

मांडणी म्हणजे नुसती सजावट, असे मानणाऱ्यांनी २०१४ सालचा ॲपलचा ‘गोटू फेल’ बग पाहावा. कंस न दिलेल्या एका ‘इफ’खाली, म्हणजे अटीखाली, ‘गोटू फेल’ (‘फेल’ या ठिकाणी उडी मार) ही ओळ चुकून दोनदा आली. दोन्ही ओळी सारख्याच आत होत्या, म्हणून दोन्ही अटीखाली असल्यासारख्या दिसत. प्रत्यक्षात दुसरी अटीबाहेर होती आणि दर वेळी चालायची, त्यामुळे सुरक्षित जोडणीतली डिजिटल सहीची तपासणीच वगळली जाई. फॉरमॅटरने ती ओळ डावीकडे आणली असती आणि चूक उघडी पडली असती.

शाळेत ‘स्क्रॅच’वर, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम करायच्या भाषेत, शिकणाऱ्या मुलांना मांडणीचा हा प्रश्न येत नाही, कारण ठोकळे एकमेकांत अडकूनच बसतात. नावे मात्र तिथेही मुलांनाच ठेवावी लागतात.

जुन्या प्रकल्पाला शैली लावताना वेगळीच अडचण येते. फॉरमॅटर एका झटक्यात हजारो ओळी बदलतो आणि कोणती ओळ कोणी लिहिली हे विचारले की गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन) फॉरमॅटर चालवणाऱ्याचेच नाव दाखवते. २०१९ च्या गिट २.२३ पासून असा एखादा कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, वगळून मूळ लेखक शोधता येतो.