टायमिंग चेन झिजते म्हणजे नेमकं काय होतं?

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली की पहिले दोन-तीन सेकंद इंजिनाच्या एका बाजूने खडखड ऐकू येते आणि थांबते. पुढे दिवसभर इंजिन शांत चालतं, म्हणून बहुतेक जण ती मनावर घेत नाहीत. हा आवाज टायमिंग चेनचा असेल, तर मात्र तो वेळीच मनावर घ्यायला हवा.

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमशाफ्टची, म्हणजे हवा-धुराच्या झडपा (व्हॉल्व्ह) उघडणाऱ्या दांड्याची, एक व्हायला हवी. हे गणित या दोन दांड्यांना जोडणारी टायमिंग चेन सांभाळते. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि बंद होतो. बऱ्याच इंजिनांत जागा इतकी बेताची असते की वेळ फार चुकली तर वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागतं आणि खर्च चेनच्या कितीतरी पट होतो.

चेनचं पोलाद रबरासारखं ताणलं जात नाही. झिजतात ते तिचे सांधे. प्रत्येक सांध्यात एक पिन असते आणि पिनेभोवती एक बुश, म्हणजे छोटी नळी. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये इंग्लंडमध्ये बुश-रोलर चेन आणली, तीच ही रचना. बुशमुळे भार पिनेच्या जास्त लांबीवर वाटला जातो आणि झीज मंदावते, पण थांबत नाही.

आता थोडा हिशोब करू. समजा, दोन सांध्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर आहे आणि क्रँकपासून कॅमपर्यंत ज्या बाजूने चेन ओढली जाते तिथे ४० सांधे आहेत. प्रत्येक सांधा फक्त ०.०५ मिलिमीटर झिजला तरी ती बाजू २ मिलिमीटरने लांब होते. कॅमच्या चाकाला ४० दाते असतील तर त्याचा घेर साधारण ३२० मिलिमीटर, म्हणजे कॅम सव्वादोन अंश मागे पडला. क्रँकच्या मापात हे साडेचार अंश. तेवढा वेळ व्हॉल्व्ह उशिरा उघडतात. गाडी पूर्वीसारखी ओढत नाही, आयडलिंगला थरथरते, इंधन जास्त खाते. आणि सैल चेनने चाकाचा एक दात सोडला, तर याच हिशोबाने क्रँकचे १८ अंश एका झटक्यात चुकतात.

हे सांधे झिजवणारा मोठा गुन्हेगार म्हणजे जुनं, काजळी धरलेलं ऑइल. डिझेल इंजिनांत आणि थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत काजळीचे कण ऑइलमध्ये मिसळतात आणि पिन-बुशच्या फटीत घासत राहतात. ऑइल वेळेवर बदललं तर चेन कितीतरी जास्त टिकते. ‘चेनला देखभाल लागत नाही’ हा समज मला म्हणूनच घातक वाटतो.

सकाळच्या खडखडीचं मूळ टेन्शनरमध्ये, म्हणजे चेनचा ताण राखणाऱ्या भागात असतं. त्यातला दट्ट्या ऑइलच्या दाबाने पुढे येऊन गाइडला, म्हणजे चेनला टेकलेल्या पट्टीला, ढकलतो आणि चेन ताठ ठेवतो. गाडी उभी असताना त्यातलं ऑइल उतरतं. दाब पुन्हा येईपर्यंत सैल चेन गाइडवर आपटत राहते. गाइड बहुधा प्लास्टिकचे असतात. ते तुटले की तुकडे संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. मग संपूर्ण इंजिनाचाच ऑइलचा पुरवठा तुटतो.

तरीही नुसत्या आवाजावरून इंजिन खोलू नये. असाच आवाज व्हेरिएबल टायमिंगच्या फेझरचा (गरजेप्रमाणे कॅम पुढे-मागे सरकवणाऱ्या भागाचा) असू शकतो, किंवा एक्झॉस्टवरच्या सैल झालेल्या पत्र्याचाही. आधी ऑइलची पातळी बघा. मग बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी००१६ हा कोड क्रँक आणि कॅमचे सिग्नल जुळत नसल्याचं सांगतो, पण चेन झिजली असा निकाल तो देत नाही. फेझरला ऑइल सोडणारा व्हॉल्व्ह तुंबला किंवा सेन्सर बिघडला तरी हाच कोड येऊ शकतो. खात्रीचा मार्ग म्हणजे ऑसिलोस्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) क्रँक आणि कॅमच्या दोन्ही सेन्सरचे सिग्नल एकाखाली एक पाहणं, किंवा क्रँक लॉक करून कॅमची खूण किती सरकली ते मोजणं. काही इंजिनांना टेन्शनरसमोर छोटी खिडकी असते. दट्ट्या किती बाहेर आलाय ते तिथून दिसतं, आणि झीज जितकी जास्त तितका तो बाहेर.

चेन बदलायचीच ठरली तर एकटी चेन बदलू नका. गाइड, टेन्शनर आणि दातेरी चाकंही सोबत बदलावीत, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी चेन नीट बसत नाही. एकदाच ताणून बसवायचे बोल्टही नवेच हवेत. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आणून क्रँक आणि कॅम लॉक करतात, चेनच्या रंगीत कड्या चाकांवरच्या खुणांशी जुळवतात आणि मगच टेन्शनरचा दट्ट्या दाबून धरणारी पिन काढतात.

यानंतरची पायरी कुणालाही गाळू देऊ नका: इंजिन पान्याने, हाताने, दोन पूर्ण फेऱ्या फिरवायचं. कुठे अडलं तर जोर न लावता थांबायचं, कारण पिस्टन व्हॉल्व्हला टेकला असण्याची शक्यता असते. दोन फेऱ्यांनंतर चाकांवरच्या खुणा पुन्हा जागेवर यायला हव्यात. रंगीत कड्या मात्र लगेच जुळत नाहीत, त्याला पुष्कळ फेऱ्या लागतात. त्यात बिघाड काही नाही.

शेवटी नवं ऑइल, नवा फिल्टर, आणि इंधन बंद ठेवून स्टार्टरने थोडं फिरवून ऑइलचा दाब तयार करायचा. इंजिन सुरू झाल्यावर स्कॅनरवर क्रँक-कॅममधल्या फरकाचा आकडा दिसत असेल, तर तो सर्व्हिस बुकात लिहून ठेवा. पुढच्या तपासणीत झीज किती झाली ते त्याच्याशी ताडून बघता येईल.