मुठेल: बेळगाव सीमाभागातील उललेल्या त्वचेवरच्या उपचारांची पार्श्वभूमी

दिवाळी उलटली की बेळगाव परिसरात पूर्वेकडून कोरडे वारे वाहू लागतात, आणि पौष येईपर्यंत टाचा उलणे, ओठ फुटणे, पोटऱ्यांवर पांढरट खपल्या धरणे या तक्रारी घरोघर ऐकू येतात. या तक्रारींवरचे उपाय मात्र संपूर्ण सीमाभागात कधीच एक नव्हते. अथणी, गोकाक, सौंदत्तीकडच्या काळ्या रानात करडई, तीळ आणि पुढे भुईमूग यांचे घाण्यावरचे तेल अंगाला लागत असे, तर खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, जिथे घाट उतरला की गोवा लागतो, तिथे खोबरेलासोबत मुठेल असे.

मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांतून निघणारा घट्ट स्निग्ध पदार्थ. आमसुलांसाठी साली काढून घेतल्यावर उरलेल्या बिया वाळवून फोडतात, आतला गर कुटून पाण्यात उकळतात, वर तरंगलेला तवंग काढून घेतात आणि तो निवत असताना हाताने दाबून त्याचे गोळे करतात. आमसुले विकली जात. बियांचे हे गोळे घरच्यासाठी राहत. म्हणूनच बाजाराच्या हिशेबात मुठेलाला जागा मिळाली नाही, आणि जे बाजारात नसते त्याची नोंदही फारशी होत नाही.

या पदार्थाच्या नावांचा गुंता समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास नीट कळत नाही. ‘मुठेल’ या शब्दात मूठ आणि तेल यांचा जोड दिसतो. खोबरेल आणि एरंडेल हे शब्दही असेच बनलेले आहेत. गोव्याच्या बाजूने आलेली माणसे कोकमाला भिरंड म्हणतात, त्यामुळे त्यांच्या तोंडी याच गोळ्याचे नाव भिरंडेल होते. कन्नडमध्ये मात्र हेच ‘मुरुगल तुप्प’, म्हणजे कोकमाचे तूप. एकाच तालुक्यात, कधी एकाच आळीत, एक घर ज्याला तेल म्हणते त्यालाच शेजारचे घर तूप म्हणते. इंग्रजी अमदानीतल्या नोंदींत त्याला लोण्याचे नाव मिळाले, आणि आज शहरातील दुकानांत ते ‘कोकम बटर’ या लेबलाखाली विकले जाते. खेड्यातला मुलगा ते लेबल वाचून घरातला गोळा आणि दुकानातली डबी एकच आहेत हे ओळखत नाही, ही मला या सगळ्यातली खरी हानी वाटते.

नावाचा हा प्रश्न केवळ भाषेचा नाही. तेल म्हटले की माणूस ते थंडच चोळू पाहतो, आणि मुठेल तसे चोळता येत नाही. त्यात स्टिअरिक आम्लाचे, म्हणजे साध्या तापमानाला घट्ट राहणाऱ्या मेदाम्लाचे, प्रमाण निम्म्याहून अधिक असल्याने ते साधारण 38 ते 42 अंश सेल्सिअसला वितळते. थंडीत त्वचेचा पृष्ठभाग याहून बराच थंड असतो. त्यामुळे गोळा नुसता घासला तर त्याचा चुरा पडतो. जुन्या बायका पळीत किंवा दिव्याच्या ज्योतीवर तो पातळ करून, गरम असतानाच टाचेच्या भेगेत सोडत. तिथे तो गोठतो आणि भेगेवर बूच बसल्यासारखे होते. हे सगळे सांगणारे नाव कन्नड आहे, कारण गोठणे आणि पातळ होणे हा तुपाचा गुण आहे. मराठी नाव हाताची कृती सांगते, पदार्थाचा स्वभाव सांगत नाही, हे मराठी भाषक म्हणून मान्य करायला हवे.

दरम्यान दुसरीकडे बरेच काही बदलले. खनिज तेलापासून बनणाऱ्या पेट्रोलियम जेलीचे (व्हॅसलिनचे) पेटंट अमेरिकेत 1872 मध्ये घेतले गेले. विसाव्या शतकात साबणाची वडी खेड्यापर्यंत आली, आणि डाळीच्या पिठाची जागा तिने घेतली. साबण अल्कधर्मी असतो, तर त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी. साबणासोबत कढत पाणी आले की त्वचेतली स्निग्धता निघून जाते. पूर्वी ऋतूमुळे होणारा कोरडेपणा आता अंघोळीमुळेही होऊ लागला. कोरड्या त्वचेच्या औषधांविषयी बोलताना ही बाजू फार कमी वेळा सांगितली जाते.

त्वचेचा अगदी वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो, पेशी या विटा आणि त्यांमधले स्निग्ध द्रव्य हा चुना, ही मांडणी 1980 च्या दशकात रूढ झाली. पेशींमधले फिलॅग्रिन हे प्रथिन घडवणाऱ्या जनुकातील दोषाचा मत्स्यत्वचा (माशाच्या खवल्यांसारखी कोरडी त्वचा) आणि इसब या विकारांशी असलेला संबंध 2006 मध्ये समोर आला, आणि काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या त्वचा कोरडी का असते याला वैद्यकीय उत्तर मिळाले. पाण्याची वाफ अडवण्यात पेट्रोलियम जेली इतर तेलांच्या बरीच पुढे आहे, हेही मोजमापांतून दिसले. मुठेल हेसुद्धा वाफ अडवणारे आवरणच आहे. ते त्वचेला पाणी देत नाही, असलेले पाणी राखते. म्हणून अंग ओलसर असताना, अंघोळीनंतर लगेच लावले तर त्याचा उपयोग अधिक होतो.

अलीकडची अडचण वेगळीच आहे. खाज सुटते म्हणून औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना स्टेरॉइड मलम आणण्याची सवय निपाणीपासून खानापुरापर्यंत सर्वत्र दिसते. त्याने दोन दिवसांत बरे वाटते, पण महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते आणि नायटा असेल तर तो पसरतो. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत यासाठी केंद्र सरकारने 2018 मध्ये नियम कडक केले, तरी त्यांची विक्री थांबलेली नाही. कोरडेपणा, खरूज आणि नायटा यांना एकच ‘खाज’ म्हणण्याची रीत याच्या मुळाशी आहे. मधुमेही माणसाच्या टाचेला भेग पडली असेल तर जेली किंवा मुठेल यांवर न थांबता डॉक्टरांना पाय दाखवावा लागतो, कारण त्या भेगेतून जंतुसंसर्ग झाला तरी पायाला वेदना अनेकदा जाणवत नाही.