डिस्क खाली, तरी जागा नाही

मे महिन्यातली दुपार होती. नागपूरच्या इतवारीतल्या एका ओळखीच्या ठोक किराणा व्यापाऱ्याचा फोन आला. "भाऊ, बिलच निघून नाही राहिलं. हे म्हणते जागा नाही. अन् डिस्क तर अर्धीच्या वर खाली आहे न!"

गेलो. कूलरची हवा गल्ल्यापर्यंतच पोचत होती, आणि कॉम्प्युटर त्याच्या पलीकडे. लिनक्सचं मशीन, हिशेबासाठी २० जीबीचा वेगळा भाग. काळ्या खिडकीत 'डीएफ' टाइप केलं तर ३८ टक्के वापर. माणूस खरं बोलत होता. मग त्याच आज्ञेला 'आय' हा पर्याय जोडला आणि आकडा आला १०० टक्के. पहिली आज्ञा जागा मोजते, दुसरी आयनोड मोजते. जागा उरली होती, आयनोड संपले होते.

आयनोड म्हणजे फाइलची आखीव पत्रिका, प्रॉपर्टी कार्ड. महालातल्या एखाद्या जुन्या वाड्याला लोक काहीही नावाने ओळखोत, नगर भूमापनाच्या कागदावर त्याचा एक क्रमांक असतो. क्षेत्र किती, ताबा कोणाचा, नोंद कधीची, हे सगळं त्या क्रमांकाखाली. आयनोडमध्येही तसंच: आकार, मालक, परवानग्या, तारखा आणि मजकूर डिस्कच्या कोणत्या ब्लॉकमध्ये, म्हणजे ठरावीक मापाच्या तुकड्यात, आहे त्याचा पत्ता. फाइलचं नाव मात्र त्यात नसतं. नाव असतं फोल्डरमध्ये. फोल्डर म्हणजे 'हे नाव, हा क्रमांक' अशा ओळींची वही, एवढंच.

लिनक्समध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्स्ट-४ या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीत) किती आयनोड हवेत ते फॉरमॅट करतानाच ठरतं. वेगळं काही सांगितलं नाही, तर दर १६,३८४ बाइटमागे एक. २० जीबीला हिशेब लावा: १३,१०,७२०. त्या दुकानाचा बिलिंग प्रोग्राम प्रत्येक चिठ्ठीची दोन-तीनशे बाइटची वेगळी फाइल करत होता आणि कधीच पुसत नव्हता. ज्याने तो लिहिला, त्याने बहुधा आपल्या मशीनवर शंभरेक चिठ्ठ्या काढून पाहिल्या असतील. प्रत्येक चिठ्ठी एक आयनोड खाते आणि निदान एक ४,०९६ बाइटचा ब्लॉक. त्यामुळे तेरा लाख चिठ्ठ्यांनी जेमतेम ५ जीबी व्यापले, पण आखीव पत्रिका सगळ्या संपवल्या.

हे नुसतं ऐकून पटत नाही, डोळ्यांनी बघायला पाहिजे. त्यासाठी फाइल सिस्टिमच्या पोटात डोकावणारं 'डीबगएफएस' नावाचं जुनं अवजार आहे. एक्स्ट-४ची पूर्वज एक्स्ट-२ ही फाइल सिस्टिम १९९३ची, तेव्हापासूनच्या अवजारांच्या याच संचातलं. लिनक्सचे प्रोग्रामर थिओडोर त्सो यांचं नाव या संचाशी कायमचं जोडलं गेलंय. खऱ्या डिस्कवर प्रयोग नकोच. १ जीबीची एक रिकामी फाइल तयार करायची आणि तिलाच डिस्क समजून फॉरमॅट करायचं. अ‍ॅडमिनचा पासवर्डही लागत नाही.

मी घरी तसंच केलं. त्याच संचातल्या 'डम्प-ई-टू-एफएस'ने नकाशा काढला: २,६२,१४४ ब्लॉक, ६५,५३६ आयनोड, ८ गट. प्रत्येक गटात ३२,७६८ ब्लॉक. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. कोणता ब्लॉक भरलेला, कोणता मोकळा याची खूण ठेवायला, ब्लॉकमागे एक बिट या हिशेबाने, गटागणिक एकच ब्लॉक असतो, आणि ४,०९६ बाइटमध्ये बिट मावतात नेमके ३२,७६८. या सगळ्याची मूळ नोंद म्हणजे सुपरब्लॉक. तो डिस्कच्या सुरुवातीपासून १,०२४ बाइटवर असतो. आपल्या झिरो माइलच्या खांबासारखा: बाकीचे पत्ते त्याच्या आधाराने शोधायचे. फरक इतकाच की सुपरब्लॉकच्या प्रती इतर गटांमध्येही ठेवतात; माझ्या डिस्कवर १, ३, ५ आणि ७ क्रमांकाच्या गटांत. बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या 'एक्सएक्सडी'ने १,०८०वा बाइट उघडलात तर '५३ ईएफ' दिसतं. ही त्या घराण्याची मोहर. एक्स्ट-२, ३ आणि ४ तिघांचीही तीच.

मग 'संत्री' एवढा एकच शब्द लिहिलेली फाइल तिथे ठेवली, नावही संत्रीच. डीबगएफएसमध्ये फोल्डरची यादी मागितली. मूळ फोल्डरचा क्रमांक २, आणि गंमत म्हणजे त्याच्या पालकाचाही २, कारण त्याच्या वर कोणीच नाही. हरवलं-सापडलंचा ('लॉस्ट+फाउंड') फोल्डर ११. माझी फाइल १२. बारा नंबरची पत्रिका उघडली: आकार १९ बाइट. स, अनुस्वार, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार अशी सहा चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, वर ओळ संपल्याची एक खूण. (नावाची मर्यादा २५५ बाइट असते, म्हणजे मराठीत फार तर ८५ चिन्हं, लग्नाच्या फोटोंना लांबलचक नावं देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.) ब्लॉकांची संख्या ८ दिसली तेव्हा मी पहिल्या वेळी चक्रावलो होतो. ती मोजणी ५१२ बाइटच्या जुन्या हिशेबाने आहे. आठ गुणिले ५१२, म्हणजे तोच एक ब्लॉक.

पत्रिकेत 'संत्री' हे नाव कुठेच नव्हतं. नाव न घेता नुसता १२ हा क्रमांक देऊन मजकूर मागितला, तरी आला. उलटं जायचं, म्हणजे क्रमांकावरून नाव काढायचं, तर 'एनचेक' वापरावं लागतं. मोठ्या डिस्कवर ते रेंगाळतं, कारण आयनोडला विचारून उपयोग नाही, एकेक फोल्डर चाळावा लागतो. वाड्याला पुढचं आणि मागचं अशी दोन दारं असावीत, तशी एका क्रमांकाला दोन नावंही देता येतात. एक नाव पुसलं तर दुसरं दार उघडंच राहतं. शेवटचं नाव गेलं आणि फाइल कोणत्याही प्रोग्राममध्ये उघडी नसली, की मगच ब्लॉक मोकळे होतात.

डीबगएफएस आपणहून फक्त वाचण्यापुरतंच उघडतं. लिहिण्याची मुभा वेगळी मागावी लागते, आणि चालू डिस्कवर ती मागू नये.

इतवारीत आयनोड कोणी खाल्ले ते फोल्डरवार वापर दाखवणाऱ्या 'डीयू'ला आयनोड मोजायला सांगून मिनिटांत कळलं. जुन्या चिठ्ठ्यांची प्रत घेतली. फाइल पुसायच्या नेहमीच्या 'आरएम'ने हात टेकले. इतकी नावं एका आज्ञेत मावतच नाहीत. शेवटी 'फाइंड'कडून पुसून घेतल्या, चहा दोनदा झाला. बिल निघालं.

व्यापारी मात्र स्क्रीनकडे बघतच होता. रिकाम्या झालेल्या फोल्डरसमोर अजून कित्येक एमबीचा आकार दिसत होता. "आत काहीच नाही, मग हे एवढं काय आहे?"

वहीची पानं. एक्स्ट-४ त्या ओळी पुसतं, पण पानं परत करत नाही. मी नवा फोल्डर केला, जुना काढून टाकला. आकडा आला ४,०९६.