एक खिडकी आणि आतली अनेक खाती: सीमाशुल्काच्या कागदपत्रांची पार्श्वभूमी

आयात-निर्यातदाराने मालाची माहिती एकदाच, एकाच डिजिटल सेवेत भरावी आणि सगळ्या खात्यांनी ती तिथूनच घ्यावी, ही ‘सिंगल विंडो’ची, म्हणजे एका खिडकीची, मागणी आजची नाही. व्यापाराच्या कागदांवरचे रकाने एकसारख्या जागी असावेत म्हणून १९६३ मध्येच युरोपात एक समान मांडणी ठरली. १९८० च्या दशकात विकसनशील देशांच्या सीमाशुल्क कचेऱ्यांत संगणकप्रणाली आली. १९८७ मध्ये संगणकांमधल्या देवाणघेवाणीसाठी आंतरराष्ट्रीय मानक निघाले. १ जानेवारी १९८८ पासून युरोपीय समुदायात ढीगभर फॉर्मऐवजी एकच प्रशासकीय दस्तऐवज चालू लागला.

खरे वळण आले ते १९८९ च्या सुरुवातीला, सिंगापूरमध्ये. परवान्यांचे अर्ज एकाच इलेक्ट्रॉनिक जाळ्यातून जाऊ लागले आणि जिथे दिवस जात, तिथे मंजुरी मिनिटांत येऊ लागली. या यशाचे श्रेय सहसा संगणकाला दिले जाते. पण तेवढीच यंत्रे इतरत्रही होती. १९८५ च्या मंदीने हादरलेल्या सरकारने वेगवेगळ्या खात्यांना एकाच अर्जावर काम करायला लावले, हे तिथले वेगळेपण.

पुढे २००५ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली सिंगल विंडोची शिफारस प्रसिद्ध झाली. माहिती एकाच ठिकाणी द्यायची आणि ती इलेक्ट्रॉनिक असेल तर तिचा प्रत्येक घटक एकदाच द्यायचा, असे तिने सांगितले. एकच खाते सर्वांच्या वतीने काम पाहील, एकच प्रणाली माहिती गोळा करून वाटेल, किंवा एकाच अर्जावर सर्व खात्यांचे व्यवहार आपोआप होतील, असे तीन मार्गही दाखवले. कुठला घ्यायचा, हे प्रत्येक देशावर सोडले.

सगळा घोळ आहे तो यानंतरच्या निर्णयात. जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण कराराच्या वाटाघाटी २००४ मध्ये सुरू झाल्या, डिसेंबर २०१३ मध्ये बालीत सहमती झाली आणि २२ फेब्रुवारी २०१७ पासून करार लागू झाला. त्याच्या दहाव्या कलमातली चौथी तरतूद सिंगल विंडोची. सदस्य देशांनी ती उभारण्याचा ‘प्रयत्न करावा’, एवढेच ती म्हणते. माहिती तंत्रज्ञानही ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितके’ वापरायचे. खर्च आणि मनुष्यबळाची चिंता असलेल्या देशांना सामावून घ्यायचे तर शब्द सैल ठेवणे भाग होते, हे मान्य. मात्र त्याच तरतुदीत एक कडक वाक्यही आहे. खिडकीतून एकदा मिळालेली माहिती सहभागी खात्यांनी पुन्हा मागायची नाही. अपवाद तातडीच्या प्रसंगांचा आणि आधी जाहीर केलेल्या मोजक्या बाबींचा. सगळी मेख ‘सहभागी’ या शब्दात आहे. जे खाते सहभागीच झाले नाही, त्याला हे बंधन लागत नाही. व्यापाऱ्याला ज्याची सर्वाधिक गरज होती ते वाक्य कडक राहिले, पण त्याचा आवाका ज्याच्या-त्याच्या सरकारच्या मर्जीवर गेला. करारातली ही सर्वात महागडी तडजोड होती, असे माझे ठाम मत आहे.

बियाण्यांच्या एका कन्साइनमेंटचे उदाहरण घ्या. सीमाशुल्क खाते तिला एचएस कोडने, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातल्या क्रमांकाने ओळखते, तर रोग-किडी तपासणारे वनस्पती संगरोध खाते शास्त्रीय नावाने. एकाला निव्वळ वजन हवे, दुसऱ्याला खोके-वेष्टनासह. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि आरोग्य प्रमाणपत्रावरचे वर्णन शब्दाला शब्द जुळले नाही तर शंका निघते, माल बंदरात अडतो आणि विलंबशुल्क चढू लागते. समान डेटा मॉडेल, म्हणजे सर्व खात्यांसाठी माहितीची एकच व्याख्या आणि मांडणी, या शतकाच्या सुरुवातीपासून उपलब्ध आहे. ते न वापरता नुसते पोर्टल उघडले, तर तीच माहिती तीन टॅबमध्ये तीनदा टंकावी लागते. काउंटरवरची रांग संपते, काम तेवढेच राहते.

गेल्या दशकातल्या घडामोडी याच अंगाने पाहायला हव्यात. अमेरिकेत सिंगल विंडोला कायद्याचा आधार २००६ पासून होता. तरीही २०१४ मध्ये अध्यक्षीय आदेश काढून सर्व खात्यांना २०१६ अखेरची मुदत घालावी लागली. आग्नेय आशियाई देशांनी सामायिक खिडकीचा करार २००५ मध्ये केला, आणि मालाच्या उगमाचे इलेक्ट्रॉनिक प्रमाणपत्र पाच देशांत प्रत्यक्ष फिरू लागले २०१८ च्या जानेवारीत. ब्रिटनने २०२० मध्ये मोठा गाजावाजा करून जाहीर केलेले सिंगल विंडोचे काम २०२४ च्या अखेरीस पैशांअभावी थांबवले. युरोपीय संघाने २०२२ च्या नियमाने उलटा क्रम धरला: आधी सरकारी यंत्रणांनी प्रमाणपत्रे आपसांत तपासायची, मार्च २०२५ पासून ते बंधनकारक झाले, व्यापाऱ्याने एकाच ठिकाणी माहिती देण्याचा टप्पा त्यानंतरचा, २०३१ पर्यंतचा.